यकृत व रक्त संरक्षक वनस्पतिज अर्क

रासायनिक पदार्थांच्या विषारी क्रियेमुळे यकृत व रक्त यांना होणारी इजा टाळण्याच्या, कमी करण्याच्या किंवा भरून आणण्याच्या हेतूने वापरल्या जाणाऱ्या वनस्पतींच्या अर्कांना व त्यांतून वेगळ्या काढलेल्या द्रव्यांना यकृतसंरक्षक व रक्तसंरक्षक अर्क म्हणतात. पाने, मुळे, बिया इ. भाग पाण्यात, अल्कोहॉलात वा अन्य विद्रावकांत (विरघळविणाऱ्या द्रवांत) भिजवून किंवा उकळून हे अर्क मिळवितात. काढा व स्वरस ही त्यांचीच घरगुती रूपे होत. प्रयोगशाळेत यशस्वी ठरलेल्या अशा अर्कांची संख्या फार मोठी आहे. मनुष्याच्या बाबतीत निर्णायक यश मात्र मोजक्याच द्रव्यांना लाभले आहे. ही तफावत का पडते ते कळण्यासाठी विषबाधा मुळात कशी होते हे पाहावे लागते.

यकृत व रक्त यांचा संबंध : प्रौढ माणसाच्या यकृताचे वजन सु. १·२ ते १·५ किग्रॅ. असते. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकी सु. तीन-चतुर्थांश रक्त आतड्याकडून प्रवेशी नीलेतून व उरलेले यकृत रोहिणीतून येते. त्यामुळे पोटात गेलेला आणि आतड्यात शोषला गेलेला बहुतेक पदार्थ उर्वरित शरीरात पसरण्यापूर्वी यकृतातून गाळला जातो. रक्त गोठण्यास लागणारी बहुतेक प्रथिने यकृतात तयार होतात आणि जीर्ण तांबड्या कोशिकांतील रक्तारुणापासून (हीमोग्लोबिनापासून) बनणाऱ्या पित्तारुणाची (बिलिरुबिनाची) विल्हेवाटही तेथेच लागते. या दोहोंचा निकट संबंध प्राचीन वैद्यांच्या ध्यानी आला होता. आयुर्वेदात यकृत व प्लीहा ही रक्तवह स्रोतसांची मूळ स्थाने मानली आहेत आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोग व कामला (कावीळ) यांचे विवेचन एकाच अध्यायात केलेले आढळते.

विषबाधेची यंत्रणा : यकृतकोशिकांमध्ये सायटोक्रोम पी-४५० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एंझाइमांचा (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांचा) मोठा साठा असतो. परके पदार्थ पाण्यात विरघळणारे करून मूत्रातून किंवा पित्तातून बाहेर टाकणे सोपे व्हावे म्हणून ही एंझाइमे त्यांचे ऑक्सिडीभवन करतात. बहुतेक वेळा यातून निरुपद्रवी पदार्थ निर्माण होतो. काही पदार्थांच्या बाबतीत मात्र मूळचा सौम्य पदार्थ याच क्रियेने उग्र विषात रूपांतरित होतो. म्हणजे ज्या यंत्रणेने शरीराचे रक्षण करावयाचे तीच विष घडविते. या विषयातील बहुतेक कोडी या एका गोष्टीत सामावलेली आहेत.

याचे सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड होय. हा रंगहीन, जड, गोडसर वासाचा द्रव कपड्यांची निर्जल धुलाई करण्यासाठी व अग्निशामकांत एकेकाळी सर्रास वापरीत. मॉरिस हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये तो अंकुशकृमींवर गुणकारी असल्याचे दाखविल्यानंतर तो अनेक देशांत रुग्णांना पोटातूनही देण्यात आला. यकृताला होणारी इजा ध्यानी आल्यावर ही प्रथा मागे पडली. ओझोन स्तराच्या रक्षणासाठी १९८७ मध्ये झालेल्या माँट्रिऑल करारानंतर त्याचे इतर उपयोगही बहुतांशी संपुष्टात आले. प्रयोगशाळेत मात्र तो यकृताला हेतुपुरस्सर इजा करण्याचे प्रमाणभूत साधन म्हणून टिकून आहे. यकृतकोशिकेत पी-४५० गटातील २ ई १ या एंझाइमामुळे त्याच्या रेणूतील क्लोरिनाचा एक अणू सुटतो व ट्रायक्लोरोमिथिल हे मुक्त मूलक (जोडीविना राहिलेले इलेक्ट्रॉन असलेला व म्हणून अतिविक्रियाशील असा अणुगट) तयार होते. ऑक्सिजनाशी संयोग होऊन त्यापासून आणखी विक्रियाशील असे पेरॉक्सी मूलक बनते. ही मूलके कोशिकापटलातील असंतृप्त वसाम्लांवर हल्ला करतात. एका रेणूतून दुसऱ्या रेणूकडे अशी साखळी विक्रिया पसरत जाते आणि पटले फाटतात. आतील एंझाइमे रक्तात झिरपतात, यकृतात वसा साचते आणि खंडिकांच्या मध्यभागातील कोशिका मृत होतात. मध्यभागीच हे प्रथम घडते, कारण उपरोक्त एंझाइम तेथील कोशिकांत अधिक असते.

पॅरासिटामॉल या नेहमीच्या वेदनाशामक व ज्वरशामक औषधाची गोष्टही अशीच आहे. योग्य मात्रेत ते सुरक्षित आहे. पण प्रौढाने एका वेळी सु. १० ग्रॅ. किंवा शरीराच्या दर किग्रॅ. वजनास १५० मिग्रॅ. पेक्षा अधिक घेतल्यास यकृताचा ऊतकमृत्यू होऊ शकतो. १९७३-७४ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा येथील संशोधकांनी याचे कारण उलगडले. औषधाचा अल्प भाग पी-४५० एंझाइमांमुळे एका विक्रियाशील क्विनोनइमाइनात बदलतो. एरवी ग्लुटाथायोन हे कोशिकेतील गंधकयुक्त द्रव्य त्याला बांधून निष्प्रभ करते. मात्रा अधिक झाल्यास ग्लुटाथायोनाचा साठा संपतो व मग ते क्विनोनइमाइन कोशिकेच्या प्रथिनांना चिकटते. या उलगड्यातूनच ॲसिटिलसिस्टीन हा उतारा हाती आला. तो ग्लुटाथायोनाची भरपाई करतो आणि विषबाधेनंतर पहिल्या ८ तासांत दिल्यास जवळजवळ हमखास गुणकारी ठरतो. रुग्णास पहिल्या दिवशी विशेष त्रास जाणवत नाही व खरी इजा तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळसास पोहोचते. म्हणून अशा प्रसंगी काढे देऊन वाट पाहण्यात जाणारा वेळ प्राणघातक ठरतो.

क्षयरोगावरील आयसोनियाझिड, रिफँपिसीन व पायराझिनामाइड ही औषधे, अल्कोहॉल, बुरशीपासून निर्माण होणारी अफ्लाटॉक्सिने ही भारतीय परिस्थितीत महत्त्वाची असलेली आणखी काही यकृतविषे होत. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने उद्‌भवलेल्या साथीत ३९७ रोग्यांची नोंद झाली व त्यांपैकी १०६ दगावले.

रक्तावरील विषांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. पहिल्या प्रकारातील विषे रक्ताभिसरणातील तांबड्या कोशिकांवर थेट आघात करतात. एमील फिशर यांनी १८७५ मध्ये बनविलेले फिनिलहायड्राझीन रक्तारुणाचे ऑक्सिडीभवन करते. बिघडलेल्या रक्तारुणाचे कण कोशिकापटलाला आतून चिकटतात (रोबेर्ट हाइन्ट्स यांनी १८९० मध्ये वर्णन केल्यावरून त्यांना हाइन्ट्स पिंड म्हणतात) व अशा कोशिका प्लीहेत नाश पावतात. नायट्राइटे, ॲनिलीन, डॅप्सोन इत्यादींमुळे रक्तारुणाचे मेथीमोग्लोबिन होऊन त्याची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता जाते. दुसऱ्या प्रकारात रक्तारुण बनण्याची क्रियाच बाधित होते. शिसे हे त्याचे ठळक उदाहरण होय. तिसऱ्या प्रकारातील विषे अस्थिमज्जेवर परिणाम करतात. बेंझीन व कर्करोगावरील सायक्लोफॉस्फामाइड ही यांत मोडतात. या दोन्ही पदार्थांना विषारी वा क्रियाशील रूप प्रथम यकृतात मिळते. बेंझिनाचे फिनॉल व हायड्रोक्विनोन यकृतात तयार होतात, रक्तावाटे मज्जेत जातात आणि तेथील मायलोपेरॉक्सिडेज हे एंझाइम त्यांपासून मारक क्विनोने बनविते. यकृताचा बराचसा भाग शस्त्रक्रियेने काढून टाकलेल्या उंदरांत बेंझिनाची रक्तबाधा कमी झालेली आढळली आहे. यकृत व रक्त यांच्या संरक्षणाचा विचार एकत्र करण्याचे हे एक सबळ कारण आहे.

संरक्षणाचे मार्ग व प्रायोगिक पद्धती : वनस्पतींतील फ्लॅव्होनॉइडे, लिग्नाने, टॅनिने, इरिडॉइड ग्लायकोसाइडे, डायटर्पिने इ. द्रव्ये तीन-चार मार्गांनी संरक्षण देतात, असे मानले जाते. काही द्रव्ये मुक्त मूलकांना स्वतः इलेक्ट्रॉन देऊन शमवितात. काही द्रव्ये एनआरएफ-२ या नियामक प्रथिनाला चालना देऊन कोशिकेची स्वतःची प्रतिऑक्सिडीकारक एंझाइमे व ग्लुटाथायोन वाढवितात. काही पटलांना स्थैर्य देतात अथवा विषाला कोशिकेत शिरू देत नाहीत, तर काही प्रथिनसंश्लेषण व कोशिकांचे पुनर्जनन वाढवितात.

नेहमीच्या प्रयोगात उंदरांचे गट करतात. एका गटास काहीच देत नाहीत, दुसऱ्यास केवळ विष, तिसऱ्यास व चौथ्यास वेगवेगळ्या मात्रांत अर्क आणि विष, तर एखाद्या गटास तुलनेसाठी सिलिमॅरिन देतात. त्यानंतर रक्तरसातील ॲमिनोट्रान्सफरेज एंझाइमे, क्षारीय फॉस्फेटेज व पित्तारुण मोजतात, यकृताचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि रक्ताच्या बाबतीत तांबड्या व पांढऱ्या कोशिकांची संख्या, रक्तारुण, अपरिपक्व (जालक) कोशिकांचे प्रमाण व अस्थिमज्जेतील कोशिका तपासतात. यकृताची कार्यक्षमता अजमावण्याची एक सोपी जुनी युक्ती म्हणजे उंदरास बार्बिट्युरेट देऊन तो किती वेळ झोपतो ते पाहणे. यकृत दुखावलेले असल्यास औषध लवकर मोडले जात नाही व झोप लांबते.

या पद्धतीत एक मोठी खोच आहे. बहुतेक प्रयोगांत अर्क विषाच्या आधी काही दिवस देतात. तो अर्क जर २ ई १ हे एंझाइमच दाबून टाकत असेल, तर कार्बन टेट्राक्लोराइडाचे विषात रूपांतरच होत नाही व यकृत सुरक्षित राहते. आकडे उत्तम येतात, पण अशा अर्काचा आधीच विषबाधा झालेल्या रुग्णास काही उपयोग होण्याची शक्यता थोडी असते. उलट, तोच अर्क दुसऱ्या एखाद्या औषधाच्या उत्सर्जनात अडथळा आणून त्याची विषारी पातळी वाढवू शकेल. रक्तातील एंझाइम कमी झाले म्हणजे यकृत वाचलेच असेही नाही. ऊतकांचे छेद पाहिल्याशिवाय असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. म्हणून विषानंतर अर्क दिलेले, एकाहून अधिक विषांवर तपासलेले आणि ऊतकपरीक्षेने पडताळलेले प्रयोग तेवढे वजनदार मानावयास हवेत. असे प्रयोग प्रसिद्ध झालेल्या एकूण प्रयोगांत अल्पसंख्य आहेत.

सिलिमॅरिन : सूर्यफूल कुलातील सिलिबम मेरियानम ही भूमध्य सागराच्या प्रदेशातील काटेरी ओषधी आहे. तिच्या पानांवर दुधासारखे पांढरे पट्टे असतात. रोमन लेखक प्लिनी यांनी मधात मिसळलेला तिचा रस पित्त काढून टाकतो, असे नमूद केले आहे. म्यूनिक येथे हिल्डेबर्ट वॅग्नर व त्यांचे सहकारी यांनी १९६८ मध्ये तिच्या फळांतून सिलिमॅरिन वेगळे केले. सिलिमॅरिन हा एक पदार्थ नसून सिलिबिनीन, सिलिक्रिस्टिन, सिलिडायनिन इ. फ्लॅव्होनोलिग्नानांचे मिश्रण आहे. कोणत्याही वनस्पतिज यकृतसंरक्षकाचा इतका सखोल अभ्यास झालेला नाही.

सिलिबिनिनाचे सर्वांत नाट्यमय कार्य अमानिटा फॅलॉइडिस या यूरोपीय विषारी छत्रीच्या विषबाधेत दिसते. या छत्रीतील अमानिटीन विष यकृतकोशिकेत शिरून आरएनए पॉलिमरेज-२ हे एंझाइम बंद पाडते; प्रथिने बनणे थांबते व कोशिका मरते. सिलिबिनीन हे विष कोशिकेत नेणाऱ्या वाहक प्रथिनाला अडविते. पित्तातून आतड्यात व तेथून पुन्हा यकृतात असे विषाचे फेरे चालू असल्याने उशिरा दिलेल्या औषधानेही काही फेरे चुकविता येतात. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कुत्र्यांना ही छत्री खाऊ घातल्यावर ५ व २४ तासांनी सिलिबिनीन देण्यात आले; औषध न दिलेल्या १२ कुत्र्यांपैकी ४ मेली, तर औषध मिळालेल्यांपैकी एकही मेले नाही. यूरोपात अशा रुग्णांना सिलिबिनीन नीलेतून देतात. त्याची यादृच्छिक तुलनात्मक चाचणी झालेली नाही व मृत्यूच्या दाढेतील रुग्णांत ती करणे नीतीच्या दृष्टीनेही अवघड आहे.

दीर्घकालीन यकृतविकारांत मात्र चित्र धूसर आहे. व्हिएन्ना येथून १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, यकृत सूत्रण रोग झालेल्या १७० रुग्णांच्या चाचणीत सिलिमॅरिन घेणाऱ्यांपैकी ५८% व आभासी औषध घेणाऱ्यांपैकी ३९% रुग्ण चार वर्षांनंतर हयात असल्याचे अनुमान निघाले. यामुळे मोठी आशा निर्माण झाली. पण १९९८ मध्ये स्पेनमध्ये मद्यजन्य सूत्रण रोगाच्या २०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत जगण्याच्या प्रमाणात काहीच फरक पडला नाही. अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत यकृतशोथ-सी व्हायरसाच्या १५४ रुग्णांना नेहमीपेक्षा कितीतरी अधिक मात्रा (दर वेळी ४२० किंवा ७०० मिग्रॅ., दिवसातून तीनदा) २४ आठवडे देऊनही रक्तातील एंझाइमांची पातळी आभासी औषधापेक्षा अधिक खाली आली नाही. हे द्रव्य पाण्यात अगदी थोडे विरघळते व पोटातून दिल्यास रक्तात पुरेसे पोहोचत नाही, हे याचे एक कारण संभवते. नीलेतून दिल्यावर होणारा परिणाम पोटातून दिल्यावर गृहीत धरता येत नाही, एवढे यावरून निश्चित होते.

भारतीय वनस्पती : हिमालयात सु. ३,००० ते ५,००० मी. उंचीवर आढळणाऱ्या कुटकीच्या (पिक्रोऱ्हायझा कुरोआ) कडू मुळांचा व खोडांचा उपयोग आयुर्वेदात यकृतविकारांवर व रेचक म्हणून प्राचीन काळापासून होत आला आहे. लखनौ येथील केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तिच्यातून पिक्रोलिव्ह हे इरिडॉइड ग्लायकोसाइडांचे प्रमाणित मिश्रण तयार करण्यात आले. कार्बन टेट्राक्लोराइड, पॅरासिटामॉल, गॅलॅक्टोसामीन, छत्रीविष अशा भिन्न यंत्रणांच्या विषांविरुद्ध ते प्राण्यांत प्रभावी ठरले. मुंबईत झालेल्या व १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुहेरी अंध चाचणीत व्हायरसजन्य यकृतशोथाच्या १५ रुग्णांना कुटकीचे चूर्ण ३७५ मिग्रॅ. मात्रेत दिवसातून तीनदा दोन आठवडे दिले. आभासी औषध घेणाऱ्या १८ रुग्णांच्या तुलनेत त्यांचे पित्तारुण लवकर उतरले. रुग्णसंख्या लहान असली, तरी वनस्पतीच्या चूर्णाची इतक्या शिस्तीने चाचणी घेतली जाणे हेच त्या काळी विरळा होते.

भुईआवळी ही महाराष्ट्रात पावसाळ्यात शेताच्या बांधावर व अंगणातही उगवणारी छोटी ओषधी. कावीळ झाल्यास ती वाटून दुधातून वा ताकातून देण्याचा परिपाठ सर्वत्र आहे. तिच्यातील फायलँथिन व हायपोफायलँथिन ही लिग्नाने उंदरांच्या विलग केलेल्या यकृतकोशिकांचे कार्बन टेट्राक्लोराइडापासून रक्षण करतात, असे १९८५ मध्ये दाखविण्यात आले. मद्रासमध्ये केलेल्या व १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भुईआवळी घेतलेल्या ३७ यकृतशोथ-बी वाहकांपैकी २२ जणांच्या (५९%) रक्तातून व्हायरसाचे पृष्ठीय प्रतिजन नाहीसे झाले, तर आभासी औषध घेतलेल्या २३ पैकी केवळ एकाचे. हा निष्कर्ष जगभर गाजला. तथापि अन्यत्र झालेल्या चाचण्यांत त्याला दुजोरा मिळाला नाही. ग्रंथांतून या ओषधीला दीर्घकाळ फायलँथस निरुरी म्हटले जात असे. वस्तुतः ती जाती अमेरिका खंडातील असून भारतातील भुईआवळी म्हणजे फायलँथस अमारस व तिच्या जवळच्या काही जाती होत. कोणत्या प्रयोगात नेमकी कोणती जाती वापरली गेली, हे त्यामुळे जुन्या नोंदींवरून नेहमी सांगता येत नाही.

काविळीवरील लौकिक उपचारांच्या ख्यातीविषयी येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे काविळीचे नेहमीचे कारण दूषित पाण्यातून येणारा यकृतशोथ-ए किंवा ई व्हायरस हे असते व असे बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. त्या काळात जे काही दिले गेले असेल, त्याला श्रेय मिळते. रासायनिक विषबाधेने किंवा पित्तमार्ग अडल्याने झालेली कावीळ अशी आपोआप बरी होईल, असे गृहीत धरता येत नाही. तिची निराळी चिकित्सा वेळेवर करावी लागते [⟶ कावीळ].

पुनर्नवा (घेटुळी), माका, शरपुंखा, कासनी, तालिमखाना व ओले किराईत या इतर परंपरागत वनस्पती होत. ओल्या किराइतातील अँड्रोग्राफोलाइड व माक्यातील वेडेलोलॅक्टोन या द्रव्यांनी प्राण्यांत चांगले संरक्षण दिले आहे. शरपुंखेला संस्कृतात ‘प्लीहाशत्रु’ म्हणतात, यावरून तिचा जुना उपयोग सूचित होतो. ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हायझिन जपानमध्ये दीर्घकालीन यकृतशोथात नीलेतून देतात. ते दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढणे व रक्तातील पोटॅशियम घटणे हे उपद्रव संभवतात. कॉफी हाही वनस्पतीचा अर्कच होय. कॅलिफोर्नियातील सव्वा लाखाहून अधिक लोकांच्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रोज चार वा अधिक पेले कॉफी पिणाऱ्यांत मद्यजन्य सूत्रण रोगाचा धोका कॉफी न पिणाऱ्यांच्या सु. एक-पंचमांश आढळला. अशा पाहणीने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे; पण कित्येक महागड्या अर्कांच्या पाठीशी एवढाही पुरावा नाही.

मनुष्यातील विषप्रतिबंधाचा नेटका पुरावा चीनमधील चीदुंग येथून मिळाला. तेथे अन्नातून अफ्लाटॉक्सिन पोटात जाण्याचे प्रमाण मोठे होते. हरितद्रव्यापासून बनविलेले क्लोरोफिलिन १८० निरोगी प्रौढांच्या चाचणीत रोज तीनदा १०० मिग्रॅ. याप्रमाणे चार महिने देण्यात आले. आभासी औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या मूत्रातील, अफ्लाटॉक्सिनाने डीएनएला केलेल्या इजेचा निदर्शक पदार्थ ५५ टक्क्यांनी कमी आढळला (२००१). क्लोरोफिलिन आतड्यातच विषाला जखडून ठेवते व त्याचे शोषण घटविते, असा कयास आहे.

रक्तसंरक्षण : या क्षेत्रातील काम तुलनेने थोडे आहे. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात व राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालयात शरदिनी डहाणूकर, ऊर्मिला थत्ते व त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात केलेल्या प्रयोगांत गुळवेल व शतावरी यांमुळे सायक्लोफॉस्फामाइडाने होणारी पांढऱ्या कोशिकांची घट प्राण्यांत कमी झाल्याचे दिसले. अशा औषधाने अस्थिमज्जेबरोबर अर्बुदाच्या कोशिकांनाही संरक्षण तर मिळत नाही ना, हा प्रश्न येथे कळीचा ठरतो. तो सुटल्याशिवाय कर्करोगाच्या रुग्णाने चिकित्सकास न सांगता असे अर्क घेणे धोक्याचे आहे.

शिशाच्या बाबतीत लसणाचा अभ्यास उल्लेखनीय आहे. इराणमधील मोटारींच्या विद्युत् घटमाला (बॅटऱ्या) बनविणाऱ्या कारखान्यातील ११७ कामगारांवरील चाचणीत (२०१२) चार आठवडे लसणाच्या गोळ्या घेतलेल्यांच्या रक्तातील शिसे सरासरीने दर लिटरमागे सु. ४२६ मायक्रोग्रॅमवरून सु. ३४७ वर आले. पेनिसिलामीन या प्रचलित औषधाने झालेली घटही जवळपास तेवढीच होती व लसणाचे उपद्रव कमी होते. लसणातील गंधकयुक्त संयुगे शिशाला बांधतात, असे मानतात. हा परिणाम सौम्य ते मध्यम विषबाधेपुरता आहे. कामगाराचा शिशाशी येणारा संपर्क थांबल्याशिवाय त्याला फारसा अर्थ नाही.

वनस्पतिज द्रव्ये तांबड्या कोशिकांना नेहमी हितकरच असतात असे नाही. ज्यांच्यात ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज हे एंझाइम जन्मतः कमी असते, अशा बालकांच्या त्वचेवर मेंदीचा मोठा लेप दिल्यास तिच्यातील लॉसोन शोषले जाऊन तीव्र रक्तविलयन (तांबड्या कोशिका फुटणे) होऊ शकते.

अर्कांपासून होणारी इजा : संरक्षक म्हणून ख्यात असलेल्या वनस्पतीच काही वेळा यकृताला अपाय करतात. गुळवेलीचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. के. ई. एम. रुग्णालयात पित्तमार्ग अडल्याने कावीळ झालेल्या ३० रुग्णांच्या, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वी गुळवेल दिलेल्या गटातील ९२·४% रुग्ण वाचले, तर न दिलेल्या गटातील ४०%. पुढे करोना साथीच्या काळात रोगप्रतिकारशक्ती वाढावी म्हणून घरोघर गुळवेलीचे काढे घेतले जाऊ लागले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत असे सेवन केलेले, यकृताला इजा झालेले ६ रुग्ण आढळले व २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांवरील अशा ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांपैकी अनेकांत आत्मप्रतिरक्षाजन्य (शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने स्वतःच्याच ऊतकावर केलेल्या हल्ल्याने उद्‌भवणाऱ्या) यकृतशोथाची लक्षणे होती. केंद्रीय आयुष मंत्रालयाने मात्र गुळवेल सुरक्षित असल्याची भूमिका घेऊन टिनोस्पोरा क्रिस्पा या दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असण्याची शक्यता मांडली. दोन्ही निरीक्षणे एकमेकांस छेद देतातच असे नाही. जे द्रव्य प्रतिकारयंत्रणेस उत्तेजन देते, ते जंतुसंसर्गाच्या छायेतील शस्त्रक्रियेच्या रुग्णास तारक व आत्मप्रतिरक्षेकडे कल असलेल्या व्यक्तीस बाधक ठरू शकते.

हळदीचीही अशीच उदाहरणे आहेत. स्वयंपाकातील हळदीबाबत तक्रार नाही. परंतु शोषण वाढावे म्हणून मिऱ्यांतील पायपरीन मिसळलेल्या तीव्र गोळ्यांचा प्रसार वाढल्यावर अमेरिकेत यकृत-इजेच्या घटना नोंदविल्या गेल्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील १० रुग्णांपैकी ७ जणांत एचएलए-बी ३५:०१ हा विशिष्ट जनुकप्रकार आढळला. हिरव्या चहाच्या तीव्र अर्कातील कॅटेचिनाचे रोजचे सेवन ८०० मिग्रॅ. किंवा अधिक झाल्यास यकृतातील एंझाइमे रक्तात वाढतात, असे यूरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नमूद केले. खुळखुळ्याच्या (क्रोटॅलॅरिया) काही जातींतील पायरोलिझिडीन अल्कलॉइडांची बाधा याहून उघड आहे. त्यांच्यामुळे यकृतातील सूक्ष्म नीला बंद होतात. १९७५ च्या सुमारास त्या वेळच्या मध्य प्रदेशातील सरगुजा जिल्ह्यात गोंदली या भरड धान्यात अशा बिया मिसळल्या गेल्याने ६७ जणांना जलोदर व यकृतबाधा झाली आणि त्यांतील २८ मरण पावले.

प्रमाणीकरण : एकाच वनस्पतीतील क्रियाशील द्रव्याचे प्रमाण जमीन, ऋतू, वय व साठवण यांप्रमाणे बदलते. त्यामुळे अर्कावर केवळ वनस्पतीचे नाव असणे पुरेसे नसते. तीत कोणते द्रव्य किती टक्के आहे हे नमूद असावे लागते. भेसळ व जड धातूंचे मिश्रण हा आणखी एक दोष होय. अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. यकृतासाठी घेतलेल्या औषधातून शिसे पोटात जाऊन रक्तक्षय होणे हा याचा संभाव्य परिणाम होय.

मागणी वाढल्याने काही जाती दुर्मिळ होत चालल्या आहेत. कुटकीचे क्रियाशील द्रव्य जमिनीखालील भागात असल्याने गोळा करताना संपूर्ण झाड उपटले जाते, तर उंच पर्वतावर ते पुन्हा वाढण्यास काही वर्षे लागतात. संकटग्रस्त जातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात कुटकीचा समावेश १९९७ मध्ये झाला असून हिमालयातील काही भागांत तिची लागवड करण्याचे प्रयत्न चालू आहेत.